माझ्या प्रेमकथांची पहिली शाळा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझी ओळख करून देताना ‘सुप्रसिद्ध साहित्यिका’ असं म्हटलं गेलं, तेव्हा मागच्या रांगेत कोण हसलं ते मला बरोबर कळलं आहे. हसणं बरोबरच होतं. मी प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिते. वाचनालयात ज्यांची पानं सुटलेली असतात आणि ज्या घरी नेताना बायका पिशवीत भाजीच्या खाली ठेवतात, त्या कादंबऱ्या. आजवर सव्वीस लिहिल्या. भेटेल तो विचारतो, महाड-पोलादपूरकडे पाऊस, पूर आणि दरडी. तुला त्यात प्रेम कुठे सापडलं? आज त्याचं उत्तर देते.

वाचायला लागले ती आठवीत. ना. सी. फडके हातात आले आणि मी वेडी झाले. गोष्ट कशी रचायची यावर याच माणसानं १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहिलं, हे पुढे कळलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच की यातली माणसं फार सुंदर बोलतात. त्या काळच्या कादंबऱ्यांतले नायक-नायिका महाबळेश्वरला फिरायला जात. आम्ही आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे. आमच्या लेखी महाबळेश्वर म्हणजे एस.टी. लागणारा घाट. तिथे वर जाऊन कुणी प्रेम करतं, ही आम्हाला बातमीच होती.

चंद्रकांत काकोडकर मात्र चोरून वाचायचे. त्यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ साली न्यायालयानं ती कथा अश्लील नाही असा निकाल दिला. पण तो निकाल आमच्या घरापर्यंत पोचला नव्हता.

भूगोलाच्या पुस्तकात ठेवलेली कादंबरी बाईंनी पकडली, तो तास तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. मी छडीची वाट बघत होते. बाईंनी पुस्तक नेलं. चार दिवसांनी परत देताना म्हणाल्या, “शेवट मला पटला नाही. तू काय केलं असतंस ते लिहून आण.” बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, ते लिहून आणायचं राहिलं होतं. सव्वीस वेळा लिहून झालं, अजून जमलंय असं वाटत नाही.

पण माझी खरी शाळा निराळी होती. आपल्या वर्गातल्या कितीजणांचे वडील तेव्हा मुंबईला गिरणीत होते, आठवा. पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत तर पुरुष म्हणजे म्हातारे आणि पोरं. बाकीचे लालबाग-परळला गावकीच्या खोलीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, मधले महिने मनीऑर्डर यायची. घरच्या बायकांना लिहिता येत नव्हतं. वाडीत शाळेत जाणारी मोठी मुलगी मी. त्यामुळे पत्रं माझ्याकडे आली.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पत्ता मी जुन्या पत्रावरून उतरवून घ्यायची. मजकूर ठरलेला. गाय गाभण आहे. नाचणी झोडून झाली. पोराचा ताप उतरला. शेजारच्या काकी तर मोजून पाच वाक्यं सांगायच्या आणि “बास” म्हणायच्या.

मला ते फार कोरडं वाटायचं. एके दिवशी काकींच्या पत्रात मी माझ्या पदरची चार वाक्यं घातली. चंद्र, विरह, झोप न येणं, सगळं आलं. काकींना वाचून दाखवताना ती वाक्यं गाळली. पत्र पेटीत टाकलं आणि मोठी लेखिका झाल्यासारखी घरी आले.

पुढच्या मनीऑर्डरीच्या कुपनावर काही लिहिलेलं नव्हतं. एरवी त्या चिटोऱ्यावर दोन ओळी असायच्या, खुशाल आहे, पोराला जप. या खेपेला कोरं. काकी ते कुपन उलटसुलट करून बघत होत्या. वाचता येत नव्हतं, पण शाई नाही हे दिसत होतं. दुसऱ्या महिन्यातही कोरं. मग त्यांनी मला परड्यात बोलावून विचारलं, “तू काय लिवलंस?”

मी रडत रडत सांगितलं. नंतर कळलं ते असं. त्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे पंधरा-वीस जण. काकांनाही नीट वाचता येत नव्हतं. पत्र एकानं मोठ्यानं वाचलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि महिनाभर काकांना पाळीवर जाता-येता चंद्राची चौकशी होत राहिली. त्याहून वाईट म्हणजे काकांना वाटलं, हे बोलणं हिचं नाही, मग हिला शिकवलं कोणी?

काकींनी मला मारलं नाही. एवढंच म्हणाल्या, “पोरी, मी सांगत्ये तेवढंच लिव. बाकीचं त्यांना कळतंय.” आणि नवीन पत्र सांगितलं. गायीला पाडी झाली. परड्यातला फणस यंदा धरलाय. पडवीची कौलं मी एकटीनं शाकारली. दाराची कडी तुम्ही लावलीत तीच आहे. शिमग्याला या.

ते कडीचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला. संशयाला दिलेलं उत्तर होतं ते. काका शिमग्याला आले.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वाडीतले बरेचसे पुरुष परत आले, काका त्यातलेच. पत्रं थांबली. नोकरी गेलेला माणूस घरात बसला की काय होतं, तेही मी पाहिलं. त्यावरच माझी पहिली कादंबरी झाली. ती छापून आल्यावर मी काकींना चार संध्याकाळी बसून वाचून दाखवली, या वेळी काही न गाळता. त्या म्हणाल्या, “ह्यात तो काही बोलतच नाय. बरोबर हाय.” त्याहून मोठं परीक्षण मला अजून मिळालेलं नाही.

आज काय वाचतेस, असंही विचारतात. फडके आजही काढते, भाषेसाठी. डॉ. सुमती क्षेत्रमाडे वाचते, कारण दवाखान्यात बसून त्यांनी बायका जवळून पाहिल्या होत्या. आणि जेन ऑस्टिन. तिची पहिली कादंबरी १८११ साली निघाली तेव्हा पुस्तकावर तिचं नावसुद्धा नव्हतं, ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढंच. तिच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये नायक लांबलचक पत्र लिहितो. त्यात प्रेमाचा उच्चार जवळजवळ नाही, सगळा खुलासाच आहे. नायिकेचं मन मात्र तिथून फिरायला लागतं. ते वाचलं आणि मला परड्यातल्या काकी आठवल्या.

जाता जाता एक विनंती. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडमधल्या कितीतरी घरांतले कागद चिखलात गेले. माझ्या भावाकडची माझी पुस्तकंही गेली. पुस्तकं पुन्हा मिळतात. ज्यांच्या माळ्यावर आईवडिलांची पत्रं किंवा मनीऑर्डरीची कुपनं उरली असतील, त्यांनी ती पावसाळ्याआधी खाली काढा आणि एकदा वाचा. गाय, फणस, ताप, कौलं एवढंच दिसेल. घाईनं वाचू नका.