लहान कुत्र्याचा खोकला

रात्रीचे दोन वाजलेले असतात. तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत सगळीं माणसें गाढ झोपलेलीं असतात. आणि पलंगाच्या पायथ्याशीं निजलेला, दहा वर्षांचा, पांढऱ्या केसांचा लहानसा कुत्रा एकाएकीं उठून मान पुढें ताणतो. कोरडी ढास लागते, उबळीमागून उबळ येते आणि शेवटीं ओकारी आल्यासारखें होऊन थोडासा फेस फरशीवर पडतो. घर जागें होतें. आजी म्हणतात, “घशांत हाडूक अडकलें असेल, भाताचा गोळा चारा.” वडील म्हणतात, “पावसाळी हवा आहे, सर्दी झाली असेल.” सूनबाई कपाटांतून मुलांच्या खोकल्याची बाटली काढूं लागतात. तेवढ्यांत कुत्रा चार घोट पाणी पितो, शेपटी हालवितो आणि पुनः निजतो. सकाळच्या गडबडींत रात्रीची गोष्ट मागें पडते. असे दोन महिने जातात.

या घरांत मायेची कमतरता नाहीं. चूक होते ती इतकीच कीं, खोकला हाच रोग समजला जातो. खोकला हें केवळ एक लक्षण आहे. तें श्वासनलिकेच्या दुबळेपणामुळें उद्भवतें, हृदयाच्या विकारामुळें उद्भवतें, किंवा जंतुसंसर्गामुळेंहि उद्भवतें; आणि या तिन्हींचे उपचार एकमेकांहून अगदीं भिन्न आहेत. म्हणून लहान कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला या तीन कारणांची ओळख असणें हिताचें आहे.

आपल्याकडे अशा कुटुंबांची संख्या थोडी नाहीं. ज्याला सर्रास पॉमेरेनियन म्हटलें जातें, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटांतील टफी हा त्याच जातीचा. पुढें २००३ च्या सुमारास दूरचित्रवाणीवरील एका जाहिरातीनें बसक्या नाकाचा पग घरोघरीं ओळखीचा केला. हे लहान कुत्रे सदनिकेंत सुखानें राहतात, पुष्कळ वर्षें जगतात, आणि म्हणूनच उतारवयांतील व्याधि त्यांच्यांत अधिक दृष्टीस पडतात.

पहिलें कारण श्वासनलिकेचें. कुत्र्याची श्वासनलिका कूर्चेच्या सुमारें ३५ ते ४५ कड्यांनीं उघडी धरलेली असते. हीं कडीं पुरतीं वाटोळीं नसतात. पाठीच्या बाजूस तीं उघडीं असून तेवढी जागा एका पातळ स्नायुमय पडद्यानें सांधलेली असते. यॉर्कशायर टेरियर, पॉमेरेनियन, चिवावा, टॉय पूडल अशा जातींच्या कांहीं कुत्र्यांत ही कूर्चा दुबळी होते. कडीं चपटीं होतात, पडदा सैल पडून आंत लोंबतो आणि नलिकेचा मार्ग आक्रसतो. मानेंतील भाग श्वास आंत घेतांना दबतो, तर छातींतील भाग श्वास सोडतांना व खोकतांना दबतो. यालाच श्वासनलिकेचें दबणें म्हणतात. १९८२ सालापासून त्याच्या चार पायऱ्या मानण्यांत येतात. पहिलींत मार्ग सुमारें चतुर्थांश कमी झालेला असतो, चौथींत तो जवळजवळ बंद होतो.

या खोकल्याचा आवाज कोरडा, भसाडा, हंसाच्या वा बदकाच्या ओरडण्यासारखा असतो. दाराची घंटा वाजली, घरचें माणूस परत आलें, गळ्याचा पट्टा ओढला गेला, ऊन तापलें, किंवा घाईघाईनें पाणी प्यालें, कीं उबळ येते. खोकल्यानें नलिका सुजते आणि सुजेमुळें पुनः खोकला येतो. हें चक्र तोडणें हाच उपचाराचा गाभा आहे. त्याचा आरंभ घरींच होतो. गळ्यांतील पट्टा काढून छाती व खांदे यांभोवतीं बसणारा पट्टा, ज्याला बाजारांत हार्नेस म्हणतात, तो वापरावा. कुत्रा लठ्ठ असल्यास पशुवैद्याच्या सल्ल्यानें वजन हळूहळू उतरवावें. पोळीचा तुकडा, बिस्किट, चिवडा असे वरखाऊ पदार्थ बंद करावेत. पुष्कळदां एवढ्यानेंच खोकला निम्म्यावर येतो. उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती, विड्या-सिगारेटी यांचा धूर आणि मिरचीची फोडणी यांपासून कुत्र्याला दूर ठेवावें. पशुवैद्य जरुरीप्रमाणें ढास शमविणारीं, सूज उतरविणारीं व श्वासमार्ग सैल करणारीं औषधें देतात, आणि बहुसंख्य कुत्रे अशा उपचारांवर वर्षानुवर्षें बरे चालतात. औषधांनीं भागत नसेल तेव्हां निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची जाळीदार नळी नलिकेंत बसवितां येते. परंतु ती नळी कालांतरानें तुटूं शकते आणि खोकला समूळ जातोच असें नाहीं. म्हणून तो उपाय शेवटचा समजला जातो.

दुसरें कारण अधिक गंभीर, आणि तें पुष्कळ काळ मुकें असतें. हृदयाच्या डाव्या बाजूस वरचा व खालचा अशा दोन कप्प्यांमध्यें एक झडप असते. लहान जातींच्या कुत्र्यांत वाढत्या वयाबरोबर ही झडप जाड व वेडीवांकडी होते आणि नीट मिटत नाहीं. प्रत्येक ठोक्याला थोडें रक्त मागें फिरतें. पशुवैद्यानें छातीला नळी लावली असतां ठोक्यांबरोबर एक फुसफुस ऐकूं येते. घरच्यांना मात्र कांहींच दिसत नाहीं. कुत्रा खातो, खेळतो, जिना चढतो. अशी स्थिति कित्येक वर्षें टिकते. पुष्कळ कुत्र्यांत तर ती यापुढें जातच नाहीं. ज्यांच्यांत रोग वाढतो त्यांचें हृदय मोठें होतें आणि त्याचा दाब जवळच्या श्वासमार्गावर पडून खोकला येऊं शकतो. शेवटीं हृदयाची शक्ति अपुरी पडून फुप्फुसांत पाणी सांचतें. या वेळचें खरें लक्षण खोकला नसून स्वस्थ पडलेल्या कुत्र्याचा जलद श्वास हें होय.

या विकारावर समूळ उपाय करणारी गोळी नाहीं. परंतु काळ लांबविणारी आहे. २०१६ सालीं ‘एपिक’ या नांवाच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झडप गळत असून हृदय वाढलेलें आहे, पण हृदय निकामी झाल्याचीं लक्षणें अद्याप नाहींत, असे ३६० कुत्रे त्यांत होते. त्यांपैकीं ज्यांना पिमोबेंडॅन हें औषध दिलें गेलें, त्यांचा निरोगीपणाचा काळ सुमारें १५ महिन्यांनीं वाढला. बारा-चौदा वर्षांच्या आयुष्यांत १५ महिने ही लहान गोष्ट नाहीं. परंतु त्यांचा लाभ व्हावयाचा तर लक्षणें दिसण्यापूर्वींच छाती तपासली गेली पाहिजे, आणि हृदय खरोखर वाढलें आहे किंवा नाहीं हें क्ष-किरणचित्रानें व ध्वनिलहरींच्या तपासणीनें ठरविलें पाहिजे. फुप्फुसांत पाणी झाल्यावर लघवी वाढवून तें उतरविणारें फ्युरोसेमाइड द्यावें लागतें. त्यानें कुत्र्याला तहान फार लागते आणि तो घरांतच लघवी करूं लागतो. म्हणून पाण्याचें भांडें उचलून ठेवण्याचा मोह होतो. तसें कदापि करूं नये.

तिसरें कारण संसर्गाचें. दिवाळीच्या वा मे महिन्याच्या सुटींत कुत्र्याला श्वानगृहांत ठेवून कुटुंब गांवीं जातें, आणि परतल्यावर थोड्याच दिवसांत कुत्रा खोकूं लागतो. बोर्डेटेला हा जंतु व कांहीं विषाणु यांमुळें होणारा हा खोकला एका कुत्र्याचा दुसऱ्याला लागतो. बहुधा तो दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. तोंवर कुत्र्याला इतर कुत्र्यांपासून वेगळें ठेवावें. त्यावर लस आहे. ती सुटीपूर्वीं पुरेसे दिवस आधीं टोंचून घ्यावी. पिलांत व वृद्ध कुत्र्यांत मात्र त्यांतून फुप्फुसदाह होऊं शकतो. ताप, मलूलपणा, अन्नावरील वासना उडणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास वाट पाहूं नये.

आणखी दोन प्रकार ओळखून ठेवावे. कुत्रा ताठ उभा राहून नाकानें मोठमोठ्यानें हवा आंत ओढतो, घोरल्यासारखा आवाज होतो, आणि मिनिटभरांत सर्व शांत होतें. ही उलटी शिंक होय. ती दिसावयास भयंकर असली, तरी क्वचित् येत असेल तर बहुधा निरुपद्रवी असते. उलट, पगासारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याचें घोरणें हें कौतुकानें ऐकलें जातें, पण तें मुळींच निरुपद्रवी नव्हे. अरुंद नाकपुड्या आणि लांबट मऊ टाळू यांमुळें त्याला प्रत्येक श्वास कष्टानें घ्यावा लागतो. कुत्रा आपलें शरीर मुख्यतः धापा टाकून थंड करतो. ज्याचा श्वासमार्गच अडलेला, त्याला विदर्भांतला मे महिना प्राणघातक ठरूं शकतो. अशा कुत्र्याला उन्हांत फिरवूं नये. नाकपुड्या व टाळू यांवर शस्त्रक्रिया करून पुष्कळ आराम देतां येतो.

घरगुती औषधांविषयीं सावधगिरी अत्यावश्यक आहे. माणसांच्या खोकल्याच्या औषधांत नाक मोकळें करणारीं द्रव्यें असतात, तीं कुत्र्याच्या हृदयाला अपायकारक होतात. साखरेऐवजीं घातलेलें झायलिटॉल तर कुत्र्याला विषच आहे. पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनानें देऊं नये. कापूर किंवा निलगिरीचें तेल छातीला चोळूं नये; कुत्रा अंग चाटतो आणि तें पोटांत जातें. तोंडांत बळेंच ओतलेला काढा श्वासनलिकेंत उतरण्याचें भय असतें.

मग घरच्यांनीं करावें तरी काय? पशुवैद्याच्या टेबलावर कुत्रा बहुधा खोकत नाहीं. म्हणून घरीं उबळ येतांच तिचें भ्रमणध्वनीवर चित्रण करावें. खोकला केव्हां आला, कशानें आला, आवाज कसा होता, हें टिपून ठेवावें. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे झोपेंतील श्वास मोजणें. कुत्रा गाढ झोपला असतां छाती एकदां वर येऊन खालीं गेली म्हणजे एक श्वास. घड्याळ समोर ठेवून ३० सेकंद मोजावे आणि दुप्पट करावी. मिनिटाला ३० च्या आंत आंकडा असल्यास सामान्यतः ठीक. तो वारंवार ३० च्या वर जाऊं लागला, तर पशुवैद्याला त्याच दिवशीं कळवावें. हिरड्या व जीभ निळसर किंवा राखी दिसणें, कोपरे फांकवून मान ताणून बसणें, आडवें न होतां येणें, भोवळ येऊन पडणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास एक तासहि दवडूं नये. नेतांना कुत्र्याला घोंगडींत गुंडाळूं नये, उताणें करूं नये, बळेंच पाणी पाजूं नये. हवा खेळती ठेवावी आणि ओळखीच्या माणसानें शांतपणें जवळ बसावें.

अशा तपासण्या आतां दुर्मिळ राहिलेल्या नाहींत. मुंबईंत परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झालें, तेव्हां शिक्षणाचा भर घोडे व गुरें यांवर होता; आज राज्यांतील मोठ्या शहरांत लहान कुत्र्याच्या हृदयाचीहि तपासणी होऊं शकते.

तिसऱ्या मजल्यावरील त्या घरीं अखेर छाती तपासली जाते, झडपेचा दोष सांपडतो, गोळ्या सुरू होतात. पलंगाशेजारीं एक वही येते. रोज रात्रीं धाकटी मुलगी श्वास मोजते आणि आंकडा लिहिते: २२, २४, २३. आजी गोळी भाताच्या घांसांत लपवितात. पुष्कळ महिने वही अशीच भरत जाते. मग एका रात्रीं मुलगी मोजते, पुनः मोजते, आणि ४१ लिहिते. कुत्रा त्या वेळीं खोकत नसतो. तो नुसता निजलेला असतो. पूर्वीं हीच रात्र कोणाच्या ध्यानांतहि न येतां गेली असती. आतां वडील सकाळची वाट पाहत नाहींत. ते चपला घालून गाडी काढावयास जिना उतरतात.