कराची किती दूर?



उल्हासनगरला आमच्या शेजारी एक सिंधी आजी राहत. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला आलेल्या. मी विमानाने कुठे निघालो की त्या हटकून विचारत, "कराचीला किती वेळ लागतो रे?" मी सांगे, "दीड तास, आजी." त्यावर त्या म्हणत, "म्हणजे तुझ्या ऑफिसइतकंच की!" लोकलने मला तेवढाच वेळ लागत असे.

आजींचा हिशेब चुकीचा नव्हता. मुंबई-कराची हे सरळ हवाई अंतर साधारण ८८० किलोमीटर. मुंबईहून दिल्ली याहून लांब, सुमारे ११५० किलोमीटर. शिवाय पाकिस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. मुंबईहून नऊला निघालेले विमान तिथल्या दहाच्या ठोक्याला कराचीत उतरावे!

ही जवळीक केवळ नकाशातली नाही. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीतली एक जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव सांगते. आणि आपल्या नागरी विमानसेवेचा श्रीगणेशा याच वाटेवर झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. विमान 'पस मॉथ', इंजिन एकच. अहमदाबादला थांबून इंधन भरले. ते डबे म्हणे बैलगाडीतून आणले होते. दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. एकूण वेळ सुमारे सव्वासात तास. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी हाच प्रवास पुन्हा केला.

पुढे जेट विमाने आली आणि सात तासांचे दीड तास झाले. पण ही वाट कायम उघडी राहिली नाही. १९७१ च्या युद्धात ती बंद झाली, ती १९७६ मध्ये सुरू झाली. २००२ ते २००४ अशी दोन वर्षे पुन्हा बंद. आता तर मुंबई-कराची थेट विमानच नाही. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले.

मग जायचे कसे? बहुधा दुबईमार्गे. मुंबईहून दुबई तीन तास, तिथून उलटे कराचीला दोन तास, मध्ये विमान बदलण्यासाठी दोन-तीन तासांचा मुक्काम. ८८० किलोमीटरसाठी तीन हजारांवर किलोमीटरचा वळसा! वेळेची बेरीज करून पाहा, सात-आठ तास. म्हणजे बैलगाडीतून इंधन आणणाऱ्या त्या १९३२ सालाच्याच आसपास आपण परत येऊन पोचलो.

बंदीची कारणे सुरक्षेची आहेत, आणि ती हलकी नाहीत. पण विमानाला वेग आला म्हणजे गावे जवळ येतात, हा आपला समज मात्र इथे खोटा ठरतो.

आजी आता नाहीत. थेट विमान चालू होते तेव्हाही त्यांना जाता आले नाही. व्हिसाचे कागद कधी जुळलेच नाहीत. दीड तासाचे उत्तर मी त्यांना अनेकदा दिले. त्या मात्र बोटीतून उतरल्या, त्यानंतर कराची त्यांनी पुन्हा पाहिली नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)