गाडीची फट बुजवली, आणि पुढे काय झालं



आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. कुळथाचं पीठ, तांदळाचे पापड, आंबापोळी, फणसपोळी असा माल आम्ही करतो आणि दर पंधरा दिवसांनी आंबा घाट चढून कोल्हापूरला विकायला नेतो. त्यासाठी कर्ज काढून एक जुनी पिकअप गाडी घेतली. आज त्या गाडीच्या एका फटीबद्दल सांगणार आहोत. हसू नका. त्या फटीने आमचं नुकसान केलं, आणि ती बुजवली तेव्हा आमच्या हातून त्याहून मोठी चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हे बोलणं.

पिकअपला पुढे केबिन असते आणि मागे मालाचा हौदा. आम्ही हौद्यावर पत्र्याचं हूड बसवून घेतलं. वर पत्रा, दोन्ही बाजूंना पत्रा, मागे दार. पुढच्या बाजूला मात्र हौद्याची भिंत कमरेइतकीच, त्याच्यावर उघडं. बॉडीवाला म्हणाला, "पुढे केबिन आहेच की आडोशाला." आम्हालाही ते पटलं. पण केबिन आणि हूड यांच्यामध्ये चार बोटं फट राहिली.

गणपतीच्या आधीची फेरी होती. घाटात पावसाने झोडपलं. केबिनच्या टपावरचं पाणी वाऱ्याने मागे ढकललं आणि फटीतून थेट आत आलं. कोल्हापुरात दार उघडलं तर पुढच्या रांगेतल्या पिठाच्या पिशव्या भिजलेल्या, पापडांचा लगदा. अकरा जणींचा मिळून ११ हजारांचा माल गेला.

मग आमचे उपाय सुरू झाले. पहिल्यांदा जुन्या गादीचा स्पंज कोंबला. स्पंज पाणी अडवत नाही, पितो. चार दिवस तो ओलाच राहिला, आतून कुबट वास यायला लागला आणि केबिनच्या पत्र्याला गंज धरला. दुसऱ्यांदा बाजारातून सिलिकॉन आणून फट लिंपली. दिसायला झकास. पण घाटातल्या पहिल्याच फेरीत ते फाटून लोंबायला लागलं. शिवाय आंबूस वासाचं जे स्वस्त सिलिकॉन मिळतं, ते उघड्या लोखंडाला गंज आणतं, हे नंतर कळलं.

शेवटी गॅरेजच्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "ताई, केबिन आणि हौदा एकाला एक जोडलेले नसतात. दोन्ही खाली चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात. खड्ड्यात गाडी पिळवटली की दोघं आपापले हलतात. त्यांना घट्ट बांधायला जाल तर जोड फाटणारच."

आम्ही ते करून बघितलं. गाडी सपाट जागी उभी केली, बंद केली, हँडब्रेक लावला, बाकीच्या चाकांना दगडांची उटी लावली. पुढचं एक चाक जाड फळीवर चढवलेलं होतं. टेपने फट मोजली. आधी सगळीकडे साधारण तीन इंच होती. आता एका कोपऱ्यात साडेतीन आणि दुसऱ्या कोपऱ्यात अडीच. म्हणजे बुजवायची ती फट एका मापाची नव्हतीच. ब्लाउज काखेत फार घट्ट शिवला तर हात वर केला की उसवतो, म्हणून तिथे आपण सैल ठेवतो. इथेही तेच हवं होतं.

गाडीच्या दाराला आतून पोकळ रबरी पट्टी असते, ती बघा. दाबली की चपटी होते, सोडली की फुगते. आम्ही तशीच, पण मोठी पट्टी बनवली. कशी, ते सांगतो.

पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणली. ती चिरून एक फूट रुंदीच्या पट्ट्या कापल्या, साबणाने धुतल्या. पट्टी लांबीत दुमडली, दोन्ही कडा एकत्र धरल्या आणि त्या हूडच्या पुढच्या कडेला बसवल्या. वरून ॲल्युमिनियमची पट्टी ठेवून वीत-वीत अंतरावर नट-बोल्ट आवळले. दुमड केबिनच्या बाजूला. तो रबराचा फुगवटा केबिनच्या पाठीला टेकून राहतो. केबिनला एकही भोक पाडलं नाही. फट वाढली की फुगवटा पुढे येतो, कमी झाली की दबतो.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, पट्टीचे तुकडे जोडताना कौलं घालतात तसं करा. वरचा तुकडा खालच्यावर चार बोटं चढलेला हवा. दुसरी, कोपऱ्यात पट्टी तोडू नका, वळवून न्या. गोल गळ्याला पट्टी लावताना आपण आतून छोटे कट देतो ना, तसे फक्त बोल्टच्या कडेला द्या, फुगवट्याला नको. पाणी गळतं ते नेहमी कोपऱ्यातून. तिसरी, वरची बाजू आणि दोन्ही उभ्या बाजू बंद करा, खालची उघडी ठेवा. थोडं पाणी शिरलंच तर त्याला खाली जायला वाट हवी.

रबर नीट टेकलंय का, हे बघायला फुगवट्याला खडू चोळा, गाडी गल्लीतून फिरवून आणा. केबिनवर खडूची रेघ अखंड उमटली तर काम झालं. जिथे रेघ तुटली तिथे पाणी येणार. मातीचे कण अडकून केबिनचा रंग घासतो, म्हणून पंधरा दिवसांनी मागून ओलं फडकं फिरवायचं. आम्हाला सगळा खर्च ९०० रुपयांच्या आत आला. तुम्ही नवीन हूड करून घेणार असाल, तर मात्र पुढची बाजू पत्र्यानेच बंद करून मागा, आणि हूड गाडीच्या कागदांत बसतं का, हे आरटीओत आधी विचारा.

पुढच्या पावसात एक पापड भिजला नाही. आम्ही खूष.

आता चुकीकडे येतो.

केबिनमध्ये ड्रायव्हरशिवाय दोघींनाच जागा. परत येताना हौदा रिकामा असायचा, म्हणून तिघी मागे बसायच्या, दार लावून. फट होती तेव्हा वारा लागायचा. आता आत कसं उबदार. त्या दिवशी साखरपा येईपर्यंत तिघींचंही डोकं ठणकायला लागलं. एकीला उलटी झाली. आमच्यातली मोठी काकी तर बसल्या जागी पेंगायला लागली, हाक मारली तरी ओ देईना. आम्ही म्हटलं, घाट लागला असेल. पण काकीला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही. दार उघडून उतरवलं, वाऱ्यावर बसवलं, तेव्हा अर्ध्या तासाने ती नीट बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "बसला होतात कुठे?" सांगितल्यावर त्या गप्पच झाल्या. मग समजावलं. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, मग झोप येते. त्या झोपेतच माणूस जातो.

मिस्त्रींनी गाडीखाली बघितलं तर सायलेन्सरचा जोड गळत होता, बरोबर हौद्याच्या खाली. शिवाय धावत्या गाडीच्या मागे हवा विरळ होते आणि मागची धूळ-धूर दाराच्या फटींतून आत ओढला जातो. पूर्वी पुढून येणारा वारा तो बाहेर ढकलत असे. तो आम्ही स्वतःच्या हाताने बंद केला होता. उन्हाळ्यात पिशव्यांवर मागून लाल धूळ का बसायला लागली, तेही तेव्हा उमगलं. मग सायलेन्सर दुरुस्त केला, मागच्या दारालाही रबराची पट्टी लावली.

पण खरा बदल वेगळा. मालाच्या गाडीत मागे माणसं बसवणं कायद्याने बंदच आहे, हे आम्हाला माहीत होतं. तिकिटाचे पैसे वाचतात म्हणून आम्ही डोळेझाक करत होतो. आता गटाच्या वहीत ठराव लिहिला आहे: हौद्यात माणूस बसणार नाही, एका वाडीपुरतंही नाही, पोरं तर नाहीच. २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. केबिनमध्ये न मावणाऱ्या तिघी एसटीने येतात आणि ते तिकीट आम्ही मालाच्या खर्चात धरतो. पापडाच्या पाकिटामागे थोडेच पैसे वाढले. गिऱ्हाईक तुटलं नाही.

तुमच्या गावात लग्नाला, जत्रेला, मजुरीला बाया बंद टेम्पोतून जात असतील. त्यांना हे सांगा. गाडीत एकाच वेळी दोघी-तिघींचं डोकं दुखायला लागलं तर गाडी लागली असं समजू नका. गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, कुणी पेंगत असेल तर १०८ ला फोन करा.

काकी आता बरी आहे. आज आमच्याबरोबर इथे आली आहे, माईकसमोर बोलायला मात्र तयार नाही. म्हणते, "तुम्हीच सांगा, मी ऐकते."