प्रयोगशाळा आपली, मग वाटा कुणाचा?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकायला शहरी वाटेल. विद्यापीठांतल्या जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळा आणि त्या कंपन्यांसाठी जी कामे करतात, त्याबद्दल मला बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, बोंडअळीचे बोला, भावाचे बोला, हे मधेच काय काढले? पण बियाण्याच्या थैलीची किंमत आणि त्या थैलीत काय भरायचे याचा निर्णय, या दोन्हींची सुरुवात अशाच प्रयोगशाळांत होते. म्हणून हिशेब तिथूनच मांडू.

या प्रयोगशाळा करतात काय? जनुक शोधणे, ते रोपात घालणे, काचेच्या नळीत ऊतिसंवर्धनाने रोपे वाढवणे, बियाण्याची शुद्धता तपासणे. यासाठी लागणारी यंत्रे महाग असतात, प्रत्येक कंपनीला ती परवडत नाहीत. मग कंपनी विद्यापीठाकडे येते, पैसे भरते, काम करून घेते. यात गैर काही नाही. गावात एकाचा ट्रॅक्टर असतो, भाडे देऊन दहा जण नांगरट करून घेतात.

प्रश्न भाड्याच्या पुढचा आहे. आपण जमीन दुसऱ्याला देतो ती ठोक्याने देतो किंवा बटईने देतो. ठोक्याने दिली तर रक्कम आधी ठरते. बटईने दिली तर वाटा आधी ठरतो. अडाणी म्हणवला जाणारा शेतकरीसुद्धा न ठरवता जमीन देत नाही. करांच्या पैशावर उभी राहिलेली प्रयोगशाळा कंपनीला देताना विद्यापीठाने काय ठरवले, हे विचारायचा आपला हक्क आहे.

परदेशात काय घडले

अमेरिकेत १९८० साली एक कायदा झाला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला घेता येईल आणि त्याचा परवाना कंपनीला विकता येईल, असे त्या कायद्याने ठरले. त्यानंतर तिथे निरनिराळ्या तऱ्हेचे करार झाले.

पहिला नमुना स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांचा. जनुके कापून जोडण्याच्या मूळ पद्धतीचे पेटंट त्यांना १९८० साली मिळाले. त्यांनी कुणा एकाला मक्ता दिला नाही. जो फी भरेल त्याला परवाना. चारशेहून अधिक कंपन्यांनी तो घेतला आणि विद्यापीठांना २५ कोटी डॉलरच्या वर रक्कम मिळाली. म्हणजे मक्ता दिल्याशिवाय पैसा मिळत नाही, हे खरे नाही.

दुसरा नमुना बर्कलेचा. १९९८ साली तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या एका विभागाने नोव्हार्टिस कंपनीशी पाच वर्षांचा करार केला. कंपनीने २.५ कोटी डॉलर द्यायचे आणि विभागाच्या सुमारे एक तृतीयांश शोधांवर बोलणी करण्याचा पहिला हक्क कंपनीचा. पैसे कुठल्या संशोधनाला द्यायचे हे ठरवणाऱ्या पाच जणांच्या समितीत दोन माणसे कंपनीची. त्यावर मोठे वादळ उठले. २००३ साली मुदत संपली, करार पुढे चालला नाही. नंतर बाहेरच्या अभ्यासकांनी चौकशी केली. विरोधक म्हणत होते तेवढे नुकसान झाले नव्हते आणि समर्थक म्हणत होते तेवढा फायदाही झाला नव्हता. तरी असा करार पुन्हा करू नये, असाच सल्ला त्यांनी दिला.

तिसरा नमुना हवाई बेटांचा. तो तुम्ही नीट ऐका. १९९२ साली तिथल्या पुना भागातल्या पपईवर रिंगस्पॉट विषाणूचा रोग शिरला आणि काही वर्षांत बागाच्या बागा बसल्या. कॉर्नेल आणि हवाई विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी या रोगाला दाद न देणारी पपई जनुक घालून तयार केली. पण त्यात वापरलेल्या पद्धतींची पेटंटे दुसऱ्यांची होती. तेव्हा परवान्यांसाठी पपई उत्पादकांची समिती पुढे आली, तिने परवाने मिळवले आणि १९९८ साली शेतकऱ्यांना बी फुकट वाटले. प्रयोगशाळा विद्यापीठाची, तंत्र अनेकांचे, पण करारावर बसला शेतकरी. फरक इथे पडला.

आपल्याकडे काय घडले

बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. पहिले जनुक अमेरिकन कंपनीचे. तेव्हा ४५० ग्रॅमच्या थैलीला सोळाशे ते अठराशे रुपये पडत आणि त्यात हजाराच्या वर रक्कम नुसती जनुकाची फी. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगापुढे गेले, तेव्हा किंमत ७५० वर आली. म्हणजे माल तोच, फक्त जाब विचारणारा भेटला.

आपल्या संस्था तेव्हा झोपल्या होत्या असे नाही. खरगपूरच्या आयआयटीने बीटी जनुक तयार केले. ते एका बियाणे कंपनीला दिले गेले आणि २००६ साली त्याला परवानगी मिळाली. पण बाजारात आले ते संकरित वाणांतूनच.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाबरोबर ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण काढले. बी घरी राखा, पुढच्या वर्षी पेरा. २००८ साली परवानगी मिळाली, २००९ साली बी शेतकऱ्यांकडे गेले आणि त्याच वर्षी विक्री थांबली. त्यात कंपनीच्या जनुकाची भेसळ सापडली होती. २०१२ साली नेमलेल्या समितीनेही ती भेसळ असल्याचे सांगितले. ज्या प्रयोगशाळा दुसऱ्याचे बियाणे शुद्ध की अशुद्ध हे तपासतात, त्यांना स्वतःचे बियाणे तपासता आले नाही. त्याची किंमत आपण मोजली. सरळ वाणातल्या बीटीची वाट कित्येक वर्षे बंद राहिली.

कोरडवाहूला याचा अर्थ काय? हलक्या जमिनीत, पावसाच्या भरवशावर, लांब मुदतीचा संकरित कापूस ऐन बोंड भरताना ओलीला मुकतो आणि शेंदरी बोंडअळीलाही मोकळे रान मिळते. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्याने ते भोगले. कमी मुदतीचे सरळ वाण दाट पेरून लवकर मोकळे होणे, हा कोरडवाहूच्या सोयीचा मार्ग. पण सरळ वाणाचे बी शेतकरी राखतो, त्यामुळे दरवर्षी थैली विकणाऱ्याला त्यात गोडी नाही.

ज्वारीचे तेच. मालदांडी आपण पिढ्यान्‌पिढ्या राखली. जे बी घरच्या कणगीत राहते, त्यावर कोण कंपनी पैसा घालील? तिथे विद्यापीठच लागते. परभणीच्या विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने लोह आणि जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे सरळ वाण २०१८ साली दिले. कंपनीला नफा नसलेले काम करणे, हेच तर सरकारी प्रयोगशाळेचे कारण. तिचे टेबल कंपन्यांच्या कामाने भरले की आपले काम मागे पडते.

आता संधी कोणती

पहिल्या बीटी जनुकाचे पेटंट भारतात नव्हतेच. दुसऱ्या पिढीच्या पेटंटची मुदत २०१९ साली संपली आणि २०२० साली सरकारने जनुकाची फी शून्यावर आणली. नागपूरच्या संस्थेने रजत, सूरज अशा सरळ वाणांत बीटी आणलेही आहे. बोंडअळी या जनुकांना पुष्कळशी सरावली आहे, तेव्हा हे काही जादूचे बी नाही. पण पुढचे जनुक येईल तेव्हा ते कुणाच्या नावावर आणि कोणत्या वाणात येणार, हे आजच्या करारांत ठरते आहे.

आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. कंपनीने पैसा घातला तर तिने कमवावे. पण आमच्या पैशाचाही वाटा धरा. म्हणून हा ठराव मांडतो :

१) विद्यापीठाने कंपनीशी केलेला प्रत्येक करार लोकांपुढे ठेवावा. २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज करा. व्यापारी गुपित म्हणून नकार येईल. पण व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी, असे त्याच कलमात लिहिले आहे.

२) सरकारी पैशातून निघालेल्या जनुकाचा मक्ता एका कंपनीला देऊ नये. फी भरणाऱ्या सर्वांना परवाना मिळावा.

३) असे जनुक संकरित वाणाबरोबर कोरडवाहूच्या सरळ वाणातही द्यावे. बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने आपल्याला दिलेलाच आहे.

४) बियाण्याच्या तपासणीत शेतकऱ्याचा नमुनाही कंपनीच्या नमुन्याइतक्याच वेळात तपासून मिळावा. उगवण फसली आणि अहवाल दिवाळीला आला, तर तो कागद काय कामाचा?

५) करार ठरवणाऱ्या समितीत कोरडवाहू शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असावेत.

भावांनो, बांधावरच्या चार हातांसाठी आपण कोर्टात जातो. इथे सारे रान बटईने दिले जाते आहे आणि मालकाला कुणी विचारलेले नाही. प्रत्येक तालुक्यातून निदान एक अर्ज पुढच्या बैठकीपूर्वी गेला पाहिजे. उत्तरे आली की याच ठिकाणी जाहीर वाचू.