आधी कागद, मग चर्चा



मी हुशार मुलांचे विचारमंथनाचे वर्ग घेते. ही मुलं पहिलं बरोबर उत्तर सापडलं की थांबतात. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाचा विटेचा प्रश्न मी त्यांना घालते: बांधकाम सोडून विटेचे उपयोग सांगा. चार उत्तरं झटपट येतात. पाचवं कुणी चाचरत सांगितलं, की शेजारचा म्हणतो, “हॅ, असं कुठे असतं का!” चुका काढण्यातही ही मुलं पुढेच असतात ना! मग तो पाचवा पुन्हा तोंड उघडत नाही.

कल्पना निघत असताना टीका करायची नाही, हा अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांचा नियम. तो फळ्यावर लिहून भागत नाही. १९५८ साली येल विद्यापीठात एक प्रयोग झाला. चौघांनी एकेकटं बसून काढलेल्या कल्पना एकत्र मोजल्या, तर चौघांच्या गटापेक्षा त्या जास्त भरल्या.

म्हणून माझ्या वर्गात आधी पाच मिनिटं गप्प बसून लिहायचं, नाव न घालता. मग चिठ्ठ्या फिरवायच्या आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीत भर घालायची. “वीट तापवून थंडीत पाय शेकायचे,” असं एकदा एका अबोल मुलीनं लिहिलं. अक्षरावरून मी ओळखलं, सांगितलं नाही. तिच्या चिठ्ठीवर चौघांनी भर घातली.

आपल्या शाळेत असा तास सुरू झाला, तर शिक्षकांना एकच विनंती. त्या पाच मिनिटांत ‘शाब्बास’सुद्धा म्हणू नका. ते ऐकलं की बाकीची मुलं तसंच लिहू लागतात.