नऊ तासांचे ठोके
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संक्षेप)



मराठीच्या अध्यापकाने खगोलशास्त्रावर बोलावे हा अधिकारातिक्रमच होय. त्यामागचे कारण आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलीने याच वास्तूत माझ्याकडे कृष्णविवरांवरचे मराठी पुस्तक मागितले. आम्ही दोघांनी विज्ञानाचे कपाट धुंडाळले. त्यातले सर्वांत अलीकडचे पुस्तक तिच्या जन्मापूर्वीचे निघाले. ‘राहू द्या सर,’ एवढे म्हणून ती गेली. ग्रंथनिवड समितीवर मी बरीच वर्षे आहे. त्या रिकाम्या कप्प्याचा दोष माझ्याकडेही येतो. तिला द्यायचे राहिलेले उत्तर आज आपणापुढे मांडतो.

ज्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशाचीही सुटका नाही, ते कृष्णविवर. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असे एखादे महाकाय विवर असते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील विवराचे वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांइतके आहे. विवर दिसत नाही. मात्र त्याच्याकडे ओढला जाणारा वायू भोवऱ्यातील पाण्यासारखा त्याभोवती फिरत राहतो, त्याची तबकडी बनते, ती तापते आणि तिच्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. पृथ्वीचे वातावरण हे किरण शोषून घेते. म्हणून ते टिपणाऱ्या दुर्बिणी अवकाशात पाठवाव्या लागतात.

अशाच एका दुर्बिणीने, युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’ने, २४ डिसेंबर २०१८ रोजी सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘जीएसएन ०६९’ या दीर्घिकेकडे पाहिले. तिच्या केंद्रातून येणारे क्ष-किरण एकाएकी शंभरपटींपर्यंत वाढले, तासाभरात ओसरले आणि नऊ तासांनी पुन्हा उसळले. पुढील निरीक्षणांतही हाच क्रम आढळला. जिओव्हानी मिनिउट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली तो ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केला. कृष्णविवराभोवतीचा प्रकाश कमीजास्त होतो हे ठाऊक होतेच. परंतु तो देवळातल्या घंटेसारखा ठरावीक वेळाने ठोके देईल, ही अपेक्षा कोणाची नव्हती. २०२१ मध्ये ‘इरोसिटा’ दुर्बिणीने आणखी दोन दीर्घिका दाखवून दिल्या. एकीचे ठोके सुमारे साडेअठरा तासांनी, तर दुसरीचे जेमतेम अडीच तासांनी पडत होते.

हे ठोके देते कोण? अनेक अभ्यासकांचे मत असे, की एखादा तारा किंवा लहान कृष्णविवर त्या महाकाय विवराभोवती तिरक्या कक्षेत फिरत असावे. प्रत्येक प्रदक्षिणेत ते तबकडीला दोनदा भेदते. दर वेळी तापलेला वायू उसळून बाहेर पडतो आणि क्ष-किरणांचा लोट येतो. कक्षा लंबवर्तुळाकार असेल, तर दोन ठोक्यांतील अंतर आलटून पालटून कमीअधिक व्हायला हवे. ‘जीएसएन ०६९’मध्ये ते तसे आढळते.

मग ती तबकडी आली कोठून? याचे एक उत्तर सुमारे २१ कोटी प्रकाशवर्षांवर मिळाले. २०१९ मध्ये तेथील एका विवराने जवळ आलेला तारा विदीर्ण केल्याचे दिसले होते. ‘एटी २०१९ क्यूआयझेड’ या नावाने ती घटना ओळखली जाते. त्या ताऱ्याच्या अवशेषांची तबकडी झाली. २०२३ मध्ये तेथेच सुमारे ४८ तासांच्या अंतराने क्ष-किरणांचे उद्रेक होत असल्याचे ‘चंद्रा’ दुर्बिणीला आढळले. एका ताऱ्याच्या राखेतून दुसरा गोल येरझारा घालीत आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात २०१५ साली सोडलेल्या आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहाच्या निरीक्षणांचाही वाटा आहे. त्यावरील मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली.

कोडे मात्र पुरते सुटलेले नाही. ‘अँस्की’ असे टोपणनाव मिळालेल्या विवरातून २०२४ पासून सुमारे साडेचार दिवसांच्या अंतराने उद्रेक होताना दिसले. ते नेहमीच्या उद्रेकांहून कितीतरी दीर्घ आणि तेजस्वी होते. तेथे तारा विदीर्ण झाल्याची स्पष्ट खूण नाही. शास्त्रज्ञ हे मोकळेपणाने सांगतात, आणि मला तर हा त्या शास्त्राचा मोठा संस्कार वाटतो.

श्रोतेहो, राँटगेन यांना १८९५ मध्ये हे किरण सापडले. त्यांचे स्वरूप अज्ञात, म्हणून त्यांना बीजगणितातील अज्ञात राशीचे नाव मिळाले. मराठीने त्यासाठी आपला ‘क्ष’ दिला. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला. ज्या भाषेत तेव्हा हे सामर्थ्य होते, तिला आज शब्द अपुरे पडतात असे मी मानत नाही. अपुरी पडते ती आपली मागणी. महाराष्ट्राबाहेर राहून आपण मराठी जपली ती कथा-कादंबऱ्यांच्या आधाराने, आणि त्याचा मला अभिमानच आहे. परंतु मुलांच्या मनातले नवे प्रश्न मराठीत विचारता येत नसतील, तर ती भाषा घरातल्या बोलण्यापुरतीच उरेल.

म्हणून शताब्दी निधीतून दरवर्षी विज्ञानग्रंथांसाठी काही रक्कम राखून ठेवावी, अशी माझी समितीला नम्र विनंती आहे. ती मुलगी आता महाविद्यालयात असेल. तिच्या धाकट्या भावंडांना तरी आपण रिकाम्या हाताने परत पाठवू नये.