गोळी घेतली, पण पाळी येईना

हेडफोन लावलेत ना? लावा. खरं तर आजचा विषय स्पीकरवर ऐकायला हरकत नसावी, पण आपल्या घरांत अजून तसं नाही, मला माहीत आहे.

गोष्ट माझीच आहे. ऑगस्ट २०१९. मी २१ वर्षांची, पुण्यात कॉट बेसिसवर राहायचे. २ तारखेला पाळी आली होती. १२ तारखेला रात्री कंडोम फाटला. १३ ला सकाळी मेडिकलमधून ७२ तासांची गोळी आणली आणि घेतली. वाटलं, विषय संपला.

१९ ला थोडं रक्त दिसलं, दोन दिवसांत थांबलं. मी म्हटलं, चला, पाळी आली, सुटले! रूममेट म्हणाली, "एवढीशी असते का पाळी?" म्हणून २५ ला टेस्ट केली. एकच रेघ. पुन्हा सुटले.

मग ३० तारीख आली. माझी पाळी २८ दिवसांची, घड्याळासारखी. नाही आली. ३१ ला नाही. १ ला नाही.

२ सप्टेंबरला गणपती, म्हणून घरी गेले. आई मोदकांची उकड मळत होती. सहज म्हणाली, "गौरीत तुझी अडचण येत नाही ना गं? नाहीतर गोळ्या आणून ठेव." म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. बाबा शेजारी दूर्वा निवडत बसले होते, कुणाला काही वाटलं नाही. या गोळ्यांबद्दल आमच्याकडे मोकळेपणाने बोलतात. मी घेतलेली गोळी मात्र कुठल्या तोंडाने सांगणार? मी म्हटलं, "नको, मी बघते."

इकडे त्याचा मेसेज, "अजून एक गोळी घेऊन बघ ना." नेटवर कुणी सांगितलं पपई खा, कुणी अननस. मी अख्खी पपई संपवली. आईला वाटलं पोरगी डाएटवर आहे.

६ सप्टेंबर, गौरीपूजनाचा दिवस. पाळी ७ दिवस लांबलेली. पहाटे साडेपाचला बाथरूममध्ये दुसरं किट उघडलं. बाहेर आई हाक मारतेय, "आवर लवकर, नैवेद्याचं बघायचंय!" आणि मी पालथ्या बादलीवर बसून रेघ बघतेय. एकच रेघ. मी तोंडावर टॉवेल दाबून रडले.

९ तारखेला पाळी आली. आई खूश, "बघ, गौरी गेल्यावरच आली. शहाणी आहे!"

पुढे पुण्यात एका डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी कॅलेंडर काढलं आणि पाच मिनिटांत उलगडा केला. तोच आज तुम्हाला सांगते.

ही गोळी, म्हणजे लिव्होनॉरजेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम, मुख्यतः एकच काम करते. बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलते. बीज बाहेर पडल्यावर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. म्हणजे बीज लांबलं की पाळीही लांबणार. कुणाची आठवडाभर उशिरा येते, कुणाची लवकरही येते. म्हणून उशीर झाला म्हणजे दिवस गेलेच, असं नाही. पण बीज आधीच बाहेर पडलं असेल तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून गोळी घेतली म्हणजे खात्री, असंही नाही. खात्री फक्त टेस्ट देते.

मधेच दिसलेलं ते रक्त? गोळीनंतर काहींना असा रक्तस्राव होतो. त्याला पाळी समजू नका.

आणि माझी २५ तारखेची टेस्ट? वाया गेली. किट लघवीतलं एचसीजी हे हार्मोन शोधतं. गर्भ गर्भाशयात रुजल्यावरच ते तयार होऊ लागतं. संबंधानंतर १३ दिवसांनी मी नको तितकी घाई केली होती. दोन आकडे लक्षात ठेवा. पाळी ७ दिवसांहून जास्त लांबली, किंवा संबंधाला २१ दिवस झाले, की टेस्ट करा. पाळी अनियमित असेल तर सरळ २१ दिवस मोजा. सकाळची पहिली लघवी घ्या. आली एकच रेघ आणि तरी पाळी नाही, तर आठवड्याने पुन्हा टेस्ट करा आणि डॉक्टरांना भेटा.

घाबरून दुसरी गोळी घेऊ नका. दिवस गेले असतील तर ती काहीच करत नाही, ही गर्भपाताची गोळी नव्हे. नसतील गेले, तर पाळीचं गणित अजून बिघडतं. पपई-अननसाने पाळी येत नाही. टेस्ट केल्याशिवाय पाळी आणायच्या किंवा ढकलायच्या गोळ्याही नकोत. हो, गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर मात्र पुन्हा डोस लागतो. टीबीची किंवा फिटची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, काही औषधांमुळे गोळीचा परिणाम कमी होतो. आणि गोळी झालेल्या संबंधापुरती असते. बीज पुढे गेलंय, म्हणजे त्याच महिन्यात पुन्हा धोका आहेच. कंडोम वापरा.

पोटात एका बाजूला असह्य दुखलं, चक्कर आली, तर वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. गर्भ नळीत अडकला असेल तर जिवावर बेतू शकतं.

आणि दोन रेघा आल्या तर? जग बुडत नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला. त्यात गर्भनिरोधक फसल्यास २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने कायदेशीर गर्भपात करता येतो, लग्न झालेलं असो वा नसो. तुम्ही १८ पूर्ण असाल तर सही फक्त तुमची लागते, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. फक्त दुकानातून गोळ्या आणून एकटीने काही करू नका.

त्या पहाटे बाथरूममध्ये मला रेघेपेक्षा जास्त भीती एकटेपणाची वाटली होती. तुमच्या रूममध्ये कुणी गप्प गप्प दिवस मोजत असेल, तर तिच्याबरोबर बसा, कॅलेंडर उघडा आणि २१ मोजा. आणि मुलांनो, "अजून एक घे" असा मेसेज टाकण्याआधी किट घेऊन या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.